पाणी आलंय, निघते : सोलापुरात मोठ्या वयाच्या स्वमग्नांचा कट्टा जमवताना

माझं ऑटिझमचं निदान ३३व्या वर्षी झालं. तोपर्यंत मी कुणासाठी एककल्ली होते, कुणासाठी शिष्ट. ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण. त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द फारसा पटत नाही, कारण स्वतःत मग्न व्हायला मला कधी फुरसतच मिळाली नाही. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा हिशेब लावण्यातच निम्मं आयुष्य गेलं. पण शब्द रुळलाय, तर तोच वापरते.

निदानानंतर हाताला लागेल ते वाचलं. सगळं लहान मुलांबद्दल. ही मुलं मोठी होतात, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात, एमआयडीसीच्या गेटवर सुपरवायझरच्या शिव्या खातात, लग्नात आहेर कधी द्यायचा ते न कळून पाकीट घेऊन घरी परत येतात, हे कुणी लिहीत नव्हतं. दीड वर्षापूर्वी आम्ही तिघं जमलो. आता नऊ जण आहोत. महिन्यातून एकदा भेटतो, घरातल्या-ऑफिसातल्या फजित्या सांगतो आणि पोट दुखेपर्यंत हसतो. मधेच कुणी रडतं, तेही चालतं. असं काही तुम्हाला जमवायचं असेल तर आमच्या चुका आधी वाचून घ्या.

१. तीन माणसं पुरेत

मी सुरुवातीला हॉल घेतला होता. वीस खुर्च्या, माईक. आले दोन जण. हॉलच्या मामांनी माईक चालू करून "हॅलो, हॅलो" केलं आणि त्यातला एक तिथूनच पळाला.

माणसं जाहिरातीने मिळत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांच्याकडे तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि "कुणाला हवा असेल तर द्या" एवढंच सांगा. दुसरी जागा म्हणजे स्वमग्न मुलांचे पालक. स्वमग्नता बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. मुलाच्या तपासणीत डॉक्टर प्रश्न विचारतात आणि बाप घरी येऊन बायकोला म्हणतो, "अगं, हे सगळं तर माझंच चाललंय." आमच्यातले दोघं असेच आले.

कागद मागू नका. निदान झालेला, न झालेला, नुसता संशय असलेला, सगळे चालतात. मात्र "आम्हाला तुमच्यावर प्रोजेक्ट करायचाय" म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. आणि फोटो नाहीत. कट्ट्यावर येणाऱ्या निम्म्या लोकांनी अजून घरीसुद्धा सांगितलेलं नसतं.

२. जागा कानाने निवडा

बहुतेक जण जागा डोळ्याने निवडतात. आपल्याला ते परवडत नाही. ज्या दिवशी, ज्या वेळी भेटायचं, त्याच वेळी आधी एकदा एकट्याने तिथे जाऊन वीस मिनिटं डोळे मिटून बसा. मी पार्क चौकाजवळच्या एका हॉटेलात अशी बसले. मिक्सर, कपबशा आदळणं, टीव्ही, पंख्याची कुरकुर आणि गल्ल्यावरच्या उदबत्तीचा वास. सतराव्या मिनिटाला उठले.

आम्ही शेवटी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर स्थिरावलो. रविवार, सकाळी आठ. उन्हाळ्यात साडेसात, कारण मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन दहानंतर माणसाला भाजून काढतं आणि ज्यांना उष्णता अंगावर जास्त जाणवते त्यांचा अख्खा दिवस जातो. भिंतीकडे पाठ करून बसता येईल, कुणालाही न ओलांडता उठून जाता येईल आणि जवळ स्वच्छतागृह असेल, एवढ्या तीन गोष्टी पाहा.

जानेवारीत मात्र तिकडे फिरकू नका. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. शेजारचं होम मैदान पाळणे, पिपाण्या आणि भोंग्यांनी भरून जातं. गंमत अशी की आमच्यातला सगळ्यात आवाज-भित्रा माणूस यात्रेला न चुकता जातो. कानात बोळे घालून सात नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मागे चालतो. ६८ लिंगांची प्रदक्षिणा त्याला क्रमाने पाठ आहे. "तिथे सगळं ठरलेलं असतं," तो म्हणतो. "कोण आधी, कोण नंतर, कुठे थांबायचं. ऑफिसात असा मार्ग कुणी आखून दिला असता तर मी मॅनेजर झालो असतो."

३. निरोप असा लिहा

"रविवारी सकाळी भेटू, जमलं तर ये" हा निरोप आमच्यासाठी निरोपच नाही. सकाळी म्हणजे किती? जमलं नाही तर राग येणार का? भेटू म्हणजे खरंच भेटू, की सोलापुरी "बघू की"सारखं नाही म्हणणं?

आम्ही पाठवतो तो मजकूर जसाच्या तसा घ्या :

"रविवार, सकाळी ८ ते ९.३०. तलावाकाठी, पायऱ्यांपासून दुसरा बाक. मी निळ्या ड्रेसमध्ये, हातात पांढरी पिशवी. सहा-सात जण असतील. पहिला अर्धा तास चहा. ओळख करून द्यायची सक्ती नाही. नंतर ज्याला सांगायचंय तो सांगेल, नुसतं ऐकलं तरी चालेल. आला नाहीत तर कारण विचारणार नाही. ९.३० ला मी उठणार."

यातली शेवटची दोन वाक्यं गाळू नका. लोक येतात ते या दोन वाक्यांच्याच भरवशावर.

४. पिशवीत काय हवं

- कपडे वाळत घालायचे चिमटे, तीन रंगांचे. अमेरिकेतल्या स्वमग्नांच्या मेळाव्यांत रंगीत बिल्ल्यांची पद्धत आहे, त्याची ही आमची घरगुती आवृत्ती. हिरवा : बोलायला या. पिवळा : ओळखीच्यांनीच बोला. लाल : आज बोलू नका, नुसतं बसू द्या. कॉलरला लावायचा. मूड बदलला की चिमटा बदलायचा.
- शाळेची पाटी आणि खडू. आमची एक मैत्रीण थकली की तिचं बोलणं बंद होतं, लिहिणं चालू राहतं. मोबाईलवरही लिहिता येतं, पण तिथे नोटिफिकेशन येतात.
- कानात घालायचे बोळे, दोन जोड जास्तीचे.
- हात चाळवायला काहीतरी. आमच्याकडे टेरी टॉवेलचे कापलेले तुकडे असतात. त्याच्या उठावदार धाग्यांवरून अंगठा फिरवत बसलं की डोकं शांत होतं. सोलापुरात हा माल कमी पडणार नाही.
- चहाचा थर्मास आणि दर वेळी तेच बिस्किट. एकदा मी हौसेने बिस्किट बदललं. तो विषय तीन महिने चालला.

५. पहिली भेट

आम्ही तिघं पहिल्यांदा भेटलो त्या दिवशी मी वीस मिनिटं आधी पोचले. आधी जाऊन बसणं बरं दिसणार नाही, म्हणून फेऱ्या मारायला लागले. समोरून चौकड्याचा शर्ट घातलेला एक माणूस येत होता. दुसऱ्या फेरीत पुन्हा तोच. तिसऱ्या फेरीत एक ताईही दिसल्या, त्याही आधी दोनदा दिसल्या होत्या. आम्ही एकमेकांकडे न बघता पुढे गेलो. बरोबर आठला तिघंही एकाच वेळी बाकाशी आलो. कुणी काही बोललं नाही. मग चौकड्याच्या शर्टवाला म्हणाला, "मी तुम्हाला चार वेळा टाळलं." आणि आम्ही जे हसलो!

ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये एक मुद्दा मांडला. स्वमग्नांना इतरांचं मन कळत नाही, एवढंच खरं नाही. इतरांनाही स्वमग्नांचं कळत नाही, म्हणजे गल्लत दोन्हीकडून होते. त्या बाकावर हे मला न वाचताच कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या फेऱ्यांचं कारण सांगावं लागलं नाही.

तर पहिल्या भेटीत काही "घडवून" आणू नका. गोल करून बसवून ओळख करून देणं, खेळ घेणं, नको. सगळे एकाच दिशेला तोंड करून तलावाकडे बघत बसले तरी भेट उत्तम झाली समजा. आमच्यात आजही कुणी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही.

आणि बायकांसाठी एक : पहिल्या दोन-तीन भेटी उघड्या, वर्दळीच्या जागीच घ्या, घरी नाही. आपल्याला समोरच्याचा हेतू उशिरा कळतो, हे आपल्याला ठाऊक आहे तसं काही नको त्या लोकांनाही ठाऊक असतं.

६. चेष्टेचे नियम

लोकांना वाटतं स्वमग्नांना विनोद कळत नाही. कळतो. फक्त न सांगता बदललेला सूर कळत नाही. सोलापुरात "काय बे" म्हणून मायाही करतात आणि भांडणही काढतात. कोणतं चाललंय ते सुरावरून ओळखायचं म्हणे! मला ३६ वर्षांत ओळखता आलेलं नाही.

म्हणून आमचा पहिला नियम : ग्रुपवर खोटंखोटं काही लिहिलं की शेवटी "चेष्टा" हा शब्द लिहायचा. हा नियम एका प्रसंगातून आला. एकाने वैतागून लिहिलं, "आता तलावात उडीच मारतो." आम्ही बाकीचे हसलो. आमच्यातला एक जण मात्र स्कूटर काढून, दोर घेऊन तलावावर गेला आणि एक तास थांबला. उडी मारणारा घरी भाकरी खात होता. हा किस्सा आता आम्ही हसत सांगतो, पण दोरवाल्याचं चुकलं असं कुणी म्हणत नाही. जीव देण्याचं कुणी बोललं, तर ते चेष्टेत असो वा नसो, आम्ही सरळ विचारतो : "खरंच तसं वाटतंय का?"

दुसरा नियम : हसायचं ते प्रसंगाला. माणसाला हसायचं असेल तर स्वतःला. एकाला शेजाऱ्यांनी "या कधीतरी जेवायला" म्हटलं. त्याने वहीत लिहून ठेवलं आणि तीन आठवडे कुणी तारीख कळवेना, म्हणून एका गुरुवारी साडेसातला जाऊन बसला. त्या माउलीने काही न विचारता कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पिठलं वाढलं. आता तो दर गुरुवारी जातो. आम्ही याला हसलो. पण जिला अजून कुणी जेवायला बोलावलेलं नाही ती हसली नाही, आणि मग आम्ही थांबलो.

आमचे काही शब्दही तयार झालेत. डोकं बधिर होऊन बोलणं सुचेना झालं की "भारनियमन". रडू-ओरडा आवरेना झाला की "फ्यूज उडाला". दिवसभर नॉर्मल असल्याचं नाटक करणं म्हणजे "ओव्हरटाईम", आणि त्याचा पगार मिळत नाही.

७. नोकरीचा अर्धा तास

कट्ट्यावर सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. आमची पद्धत सोपी आहे : एकाने एक प्रसंग सांगायचा, सगळ्यांनी हसून घ्यायचं, मग "पुढच्या वेळी नेमकं काय बोलायचं" ते वाक्य तयार करायचं. सल्ला नको, वाक्य द्या. "जरा आत्मविश्वासाने बोल" याने आमच्यापैकी कुणाचंही आजवर काही झालेलं नाही.

नमुना प्रसंग. टॉवेल कारखान्याच्या हिशेबवाल्याला साहेबांनी फाईल दिली, "हे जरा बघून घे." संध्याकाळी विचारलं, "बघितलंस का?"
"बघितलं."
"मग?"
"चांगलं आहे."
साहेबांना त्यातली बिलं जुळवून हवी होती.

यावर आम्ही बनवलेली आणि वापरून टिकलेली वाक्यं :

- "मला समजलं ते असं : आधी हे, मग ते, उद्या बारापर्यंत. बरोबर ना?"
- "दोन्ही कामं आजचीच असतील तर आधी कोणतं संपवू?"
- "तोंडी सांगितलेलं माझ्याकडून सुटतं. दोन ओळी मेसेज कराल का?"
- "मी विचार करून अर्ध्या तासात सांगते." हे सोन्याचं वाक्य आहे. मीटिंगमध्ये सुचत नाही ते जिन्यात सुचतं, हे मान्य करून टाका.

सापळे दोन. एक, "कसं चाललंय?" हा प्रश्न नाही. उत्तर "मस्त, तुमचं?" एवढंच. मी एकदा मालकांना पॅकिंग विभागातल्या सात चुका सांगितल्या होत्या, अनुक्रमाने.

दुसरा सापळा मोठा आहे : ऑफिसात सांगायचं की नाही? माझं मत असं की आधी गरज सांगा, नाव नंतर. "मला कंप्रेसरपासून लांबची जागा द्या, आवाजात आकडे चुकतात" हे कुणालाही पटतं. मी एका जुन्या नोकरीत उलटं केलं, आधी नाव सांगितलं. आठवडाभर सगळे माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलत होते. २ एप्रिलला, म्हणजे जागतिक स्वमग्नता जागृती दिनी, माझ्या टेबलाभोवती निळे फुगे लावले. त्यातले दोन कानाशी फुटले. जागृती झाली, पण माझीच.

कायद्याचं थोडक्यात : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देणं या कायद्याने बंधनकारक आहे. खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. मुलाखतीला जाताना ते मागून बघा. समोरच्याचा चेहरा बघून बरंच कळतं, आपल्यालासुद्धा.

८. प्रमाणपत्र, ज्यांना हवं त्यांच्यासाठी

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कट्ट्याला लागत नाही, सरकारी कामांना लागतं. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या (स्वावलंबन कार्डाच्या), सरकारी पोर्टलवर करायचा. मग रुग्णालयातल्या तपासणीचा दिवस मिळतो.

सोबत ठेवा :

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचे फोटो, सहीचा नमुना
- आधीचे सगळे वैद्यकीय कागद, तारखेनुसार लावून
- शाळेची प्रगतिपुस्तकं. "हुशार आहे पण मिसळत नाही" असा शेरा असेल तर सोनंच.
- लहानपण आठवणारं माणूस, शक्यतो आई किंवा आत्या

आपल्याकडे आयएसएए ही स्वमग्नता मोजायची भारतीय मापनपट्टी वापरली जाते. त्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा जास्त आली तर स्वमग्नता धरतात. मोठ्या माणसांची अडचण अशी की आपण तिशीपर्यंत सगळं लपवायला शिकलेलो असतो. "तुम्ही तर छान बोलता" असं मला एका डॉक्टरांनी ऐकवलं. बोलणं मी आदल्या रात्री पाठ करून गेले होते. पाठ करू नका. जे जमत नाही ते कागदावर उदाहरणांसह लिहून न्या आणि हातात द्या.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात बसता येतं. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता अशा सगळ्यांना मिळून आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंतची आहे, तीही बघून ठेवा.

९. घरचे

आईला कट्ट्यावर आणू नका. माझी आई एकदा आली आणि तिने सगळ्यांना लग्नाचं विचारलं.

घरातल्या कार्यक्रमांसाठी मात्र आमचा एक शोध आहे. हळदीकुंकू सोपं, त्यानंतरच्या गप्पा कठीण. हळद, कुंकू, तिळगूळ, "गोड बोला", वाण, सगळं लिहून दिलेल्या नाटकासारखं. उखाणा तर पाठ करून म्हणायचीच गोष्ट. तिथे मी पहिली येते. अडतं ते "आणि काय मग?" पासून. त्यासाठी काम मागून घ्या. पेले विसळा, वाणं मोजा, चपला ओळीत लावा. काम करणाऱ्या बाईला कुणी "गप्प का गं?" विचारत नाही, वर "कामसू" म्हणतात.

१०. कट्टा पुरत नाही तेव्हा

आम्ही डॉक्टर नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नको वाटलं तर तज्ज्ञाकडेच जायचं. सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ वर दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. फोनवर बोलणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी आम्ही पहिलं वाक्य लिहून ठेवलंय : "मी स्वमग्न आहे, मला बोलायला वेळ लागतो, थांबा." ते वाक्य नऊही जणांच्या मोबाईलमध्ये आहे. दोघांनी वापरलंय.

११. उठायचं कसं

मराठी माणसाचा निरोप उंबऱ्यावर पाऊण तास चालतो. "येते हं" म्हटल्यावर खरा विषय निघतो. आमच्यासाठी हा भाग भेटीपेक्षा अवघड, कारण नेमकं कधी वळायचं ते कळत नाही.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि "पाणी आलंय" म्हटलं की लग्नातूनही माणूस उठून जाऊ शकतो, कुणी वाईट वाटून घेत नाही. आम्ही तेच उचललं. कट्ट्यावर कुणालाही, कधीही, कितीही मधेच असह्य झालं की "पाणी आलंय" म्हणायचं आणि जायचं. मागून फोन नाही, "काय झालं गं?" नाही. रात्री ग्रुपवर एवढंच येतं : "पाणी भरलं." म्हणजे बरी आहे.

मागच्या महिन्यात एक नवा मुलगा आला. विशीतला, लाल चिमटा लावून तासभर तलावाकडे बघत बसला. ९.३० ला मी थर्मास बंद केला तेव्हा त्याने पाटी मागितली आणि लिहिलं, "आमच्या भागात आज पाण्याचा दिवस नाही. अजून पाच मिनिटं बसू का?"

आम्ही ९.३५ ला उठलो.